'आज शाळेत काय झालं?' 'काही नाही': सहावी ते आठवीच्या घरांना काय कळवायचं?

प्रश्न: मी सहावी ते आठवीला शिकवते आणि सातवीची वर्गशिक्षिका आहे. दर शुक्रवारी घरोघरी 'वर्गवार्ता' पाठवते. कुठल्या विषयात कोणता धडा झाला, पुढच्या आठवड्यातले कार्यक्रम, सूचना, आठ-दहा फोटो असं सगळं असतं. दोन तास जातात. तरीही पालकसभेत तेच ऐकते, 'शाळेत काय चालतं ते आम्हाला कळतच नाही.' मुलं घरी काही सांगत नाहीत म्हणे. मी काय बदलू?

उत्तर:

पालक खरं बोलताहेत, आणि तुमचे दोन तासही खरे आहेत. मीही बरीच वर्षं असंच पत्र पाठवलं, त्यामुळे तुम्ही जोडलेला नमुना वाचताना माझंच जुनं अक्षर पाहिल्यासारखं वाटलं. 'गणित: पूर्णांक संख्या, सरावसंच पूर्ण. विज्ञान: प्रकाशसंश्लेषण. भाषा: निबंधलेखन.' यात चूक काहीच नाही. पण हे वाचून घरातल्या माणसाने करायचं काय? रात्री जेवताना आई विचारणार, 'काय गं, प्रकाशसंश्लेषण झालं म्हणे?' मुलगी म्हणणार, 'हो.' विषय संपला. तुमच्या पत्राने घराला अनुक्रमणिका मिळाली, बोलायला काही मिळालं नाही.

या वयात ही अडचण का येते, ते आधी बघू. दुसरी-तिसरीतलं मूल दप्तर टाकता टाकता सगळा दिवस ओतून मोकळं होतं. त्याला शिकवणाऱ्या बाई बहुतेक एकच असतात आणि त्या फाटकापाशी भेटतात. सहावीत दोन्ही वाटा एकदम बंद होतात. शिक्षक पाच-सात होतात, त्यातल्या कोणालाच पालक नीट ओळखत नाहीत. आणि मूलच सांगतं, 'तू फाटकापर्यंत नको येऊस, कोपऱ्यावर थांब.' त्याला स्वतःचं एक जग उभारायचं असतं आणि त्या जगाचं दार कधी उघडायचं हे त्यालाच ठरवायचं असतं. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. पण घर मात्र चाचपडायला लागतं. अशा वेळी आपण दारात उभं राहून आतलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लागलो, तर मूल दार आणखी घट्ट लावेल. म्हणून वर्गवार्ता लिहिताना मी एकच कसोटी लावते: यातून घरात एक बरा संवाद सुरू होईल का, आणि तो सुरू झाल्यावर मुलाला 'माझ्यावर पाळत आहे' असं वाटणार नाही ना?

या वयोगटात पालकांच्या सहभागाचा अभ्यासावर काय परिणाम होतो, याच्या ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली मांडला. त्यात मुलांच्या यशाशी सगळ्यात घट्ट नातं कशाचं दिसलं? शिकण्याला घरात किती किंमत आहे, आपल्याकडून काय अपेक्षा आहे, आज शिकतोय त्याचा पुढच्या आयुष्याशी काय संबंध, याबद्दलच्या बोलण्याचं. शेजारी बसून गृहपाठ करून घेण्याचं नातं तर उलट्या दिशेचं निघालं. (ज्यांचं आधीच अडतंय त्यांच्याच शेजारी पालक जास्त बसत असतील, हेही त्यामागे असू शकतं. पण माझा अनुभव त्या निष्कर्षाशी जुळतो.) तेव्हा पालकांना 'या आठवड्यात अमुक सरावसंच करून घ्या' असं कळवणं सोडून द्या. त्याने घरात दुसरा शिक्षक तयार होतो, आणि बारा वर्षांच्या मुलाला दुसरा शिक्षक नको असतो.

आता अभ्यासाच्या भागाकडे येते. सगळे विषय दर आठवड्याला लिहू नका. एकच घ्या, आणि त्यातलीही एकच जागा, जिथे वर्ग अडला, भांडला किंवा चुकला. चुकांबद्दल लिहायला आपण घाबरतो, कारण पालकांना वाटेल बाईंना शिकवता येत नाही. माझ्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त वाचले गेले ते चुकांचेच उतारे. तुमच्या प्रकाशसंश्लेषणाचंच उदाहरण घेऊ. मी असं लिहीन:

'या आठवड्यात वर्गाला एक प्रश्न टाकला. एवढंसं रोप वाढून मोठं झाड होतं. त्याच्या खोडाचं, फांद्यांचं सगळं वजन आलं कुठून? निम्म्याहून जास्त हात "मातीतून" म्हणून वर गेले. मग व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाचा सतराव्या शतकातला प्रयोग सांगितला. त्यांनी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं सुमारे १६९ पौंड. माती कमी झाली जेमतेम दोन औंस. त्यांनी निष्कर्ष काढला, झाड पाण्यापासून बनतं. मुलांपुढचा प्रश्न असा: ते अर्धे बरोबर आणि अर्धे चूक का होते? घरी विचारून बघा. उत्तर लगेच सांगू नका, आणि मुलाने तुम्हालाच उलट विचारलं तर तुमचा अंदाज बेधडक सांगा.'

यात प्रकाशसंश्लेषण हा शब्द एकदाही आलेला नाही. तरी धड्याचा गाभा, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून झाडाचं अंग तयार होतं हा, या एका प्रश्नात आहे. महत्त्वाचं म्हणजे इथे मूल जाणकार आहे आणि पालक चुकू शकतात. या वयात मुलांना घरी बोलतं करणारं यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही. मोठ्या माणसाला चूक ठरवायची संधी मिळाली की 'काही नाही' म्हणणारं पोरगं पंधरा मिनिटं बोलतं.

गणितात तर अशा जागा पावलोपावली आहेत. ०.३५ मोठे की ०.४? पस्तीस चारापेक्षा मोठे म्हणून ०.३५ मोठे, असं म्हणणारी मुलं सहावीत दरवर्षी भेटतात. अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, हेही तसंच. वरती वरचे मिळवले, खाली खालचे. त्याच्या शेजारी एक वाक्य लिहा, 'अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसं आलं?' पालकांपैकी निम्मे स्वतःच कागद घेऊन बसतील. 'अपूर्णांकांची बेरीज पूर्ण' या ओळीने कोणी कागद घेत नाही.

गुणांबद्दल थोडक्यात. वर्गवार्तेत सरासरी, पहिले तीन, असलं काही घालू नका. एकेकट्याला गुण कळवताना शेरा आणि आकडा एकाच कागदावर देऊ नका, निदान एकाच दिवशी देऊ नका. रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर प्रयोग केला. काहींना नुसते शेरे दिले, काहींना नुसते गुण, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं आणि त्यांचा रसही टिकला. दोन्ही मिळालेली मुलं मात्र नुसते गुण मिळालेल्यांच्याच वळणावर गेली. आकडा दिसला की शेरा कोणी वाचत नाही. घरीही तसंच होतं, किंबहुना जास्तच. अॅपवर गुण चढले की पालकांच्या फोनवर लगेच सूचना जाते, ती शक्य असेल तर दोन दिवस रोखा. वही मुलाच्या हातात पडण्याआधी आकडा आईच्या हातात पडला, तर त्या संध्याकाळचं बोलणं काय होणार हे मी सांगायला नको.

एक गोष्ट तुमच्या पत्रात अजिबात नाही: एकेका मुलाबद्दलचा संदेश. वर्गवार्ता कितीही चांगली लिहिली तरी पालक तिच्यात आपल्या मुलाचं नाव शोधतात आणि ते नसतं. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे उपयोगी आहे. मुलं तुमच्यापेक्षा मोठी होती, हायस्कूलची, उन्हाळ्यात राहिलेले विषय पूर्ण करणारी. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा, प्रत्येक मुलाबद्दल, पालकांना एक वाक्य पाठवलं. फक्त एक. विषय पार न पडलेल्यांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं. काय चांगलं चाललंय हे सांगणाऱ्या वाक्यांपेक्षा काय सुधारता येईल हे सांगणाऱ्या वाक्यांचा परिणाम जास्त दिसला.

पण 'सुधारता येईल' आणि 'तक्रार' यांत फरक आहे. 'तो वर्गात लक्ष देत नाही' हे वाक्य मी लिहिणं बंद केलं आहे. ते वाचून पालक फार तर ओरडू शकतात. त्याऐवजी: 'विज्ञानाचे दोन प्रयोग लिहून द्यायचे राहिलेत. बुधवारी मधल्या सुट्टीत मी बसणार आहे, तेव्हा आला तर अर्ध्या तासात होईल.' यात काय अडलंय, किती अडलंय आणि ते सुटायचं कुठे, एवढं आहे. शक्यतो पाठवण्याआधी ते मुलालाच वाचून दाखवा. 'हे मी आज घरी कळवतेय, बरोबर आहे ना?' मुलं कधी कधी सांगतात, 'बाई, दोन नाही, एकच राहिलाय.' बऱ्याचदा त्यांचंच बरोबर असतं.

कौतुकाचंही तसंच. 'हुशार आहे' याने कोणाचं काही होत नाही. 'काल गटात एकीचं म्हणणं कोणी ऐकत नव्हतं, तेव्हा याने सगळ्यांना थांबवलं' हे वाक्य आईवडील जपून ठेवतात, मी पाहिलंय. वेळेचा हिशेब सोपा आहे. वर्गात ३६ मुलं असतील तर आठवड्याला चार, म्हणजे नऊ आठवड्यांत सगळ्यांची एक फेरी. यादी समोर ठेवून करा. आठवेल तसं केलंत तर पहिल्या बाकावरचे आणि शेवटच्या बाकावरचे असे दोघेच तुमच्या लक्षात राहतील. मधली वीस मुलं, जी ना त्रास देतात ना चमकतात, त्यांच्या घरी वर्षभर एक ओळ जात नाही. 'आम्हाला काही कळत नाही' असं सभेत म्हणणारे बरेचसे त्याच मुलांचे पालक असतात, ताडून बघा.

आता सगळ्यात अवघड भाग, वर्गातलं सामाजिक जीवन. सहावी ते आठवीत मुलं शाळेत येतात ती बरीचशी एकमेकांसाठी. मैत्रिणींचे गट फुटतात, जुना जिवलग दुसऱ्याच बाकावर जाऊन बसतो, गटाच्या चॅटमधून एखादीला गुपचूप वगळलं जातं. घरी दिसतो तो फक्त परिणाम: पोट दुखणं, शाळेत जायचं नाही म्हणणं. तुमच्या वर्गवार्तेत मात्र स्पर्धांचे फोटो आणि हसरे चेहरे. ज्या घरात मूल रात्री उशीत डोकं खुपसून रडतंय, त्या घरात ते हसरे चेहरे काय करत असतील याचा विचार करा.

म्हणजे भांडणं छापायची का? नाही. इथे मी एकदा जबर चुकले आहे. एका मुलाने घरच्या अडचणीत बरंच सोसून वर्गासाठी एक काम केलं होतं. मी भारावून ते वर्गवार्तेत लिहिलं, नाव न घेता. 'आपल्या वर्गातला एक विद्यार्थी.' सोमवारी सकाळी पहिल्या तासाच्या आत सगळ्या वर्गाला कोण ते कळलं होतं. त्याच्या घरची अडचणही कळली होती. तो मुलगा दीड महिना माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी पस्तीस घरांत वाटली होती. एवढ्याशा वर्गात नाव झाकून काही झाकलं जात नाही.

तेव्हापासून मी घटना लिहीत नाही, वर्ग त्यावर काय करतोय ते लिहिते. उदाहरणार्थ: 'चॅटच्या गटातून कोणाला वगळणं म्हणजे चेष्टा की त्रास, यावर वर्गसभेत चर्चा चालू आहे. मुलांनी स्वतः एक फरक सुचवला: ज्याला वगळलं त्यालाही हसू येत असेल तर चेष्टा. यावर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. तुमच्या शाळेच्या दिवसांत असं काही झालं होतं का? झालं असेल तर तुमची गोष्ट सांगा, मुलाला त्याची लगेच विचारू नका.' शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. आपल्या लहानपणीची फजिती सांगणाऱ्या बापाशी मूल जितकं मोकळं होतं, तितकं उलटतपासणी घेणाऱ्या बापाशी होत नाही. ज्या दोन-तीन घरांचा घटनेशी थेट संबंध आहे, त्यांना फोन करा, त्याच दिवशी. लिहून पाठवू नका. लिहिलेलं दुसऱ्याच्या फोनवर जायला एक सेकंद लागतो.

फोटो कमी करा. परवानगीचा कागद भरून घेतला असेल तरी त्या दिवशी मुलाला विचारा, कारण सही पालकांची असते आणि चेहरा मुलाचा. या वयात चेहऱ्यावरचा एक पुरळ आठवडाभराची झोप उडवतो. मी आता बहुतेक वेळा कामाचे फोटो घालते: फळ्यावरचं अर्धवट गणित, मोडलेला पूल, खाडाखोड केलेला कच्चा निबंध. पुलाच्या फोटोखाली 'तिसऱ्या वजनाला कोसळला, का ते अजून ठरायचंय' एवढं पुरतं.

आणि तुमचे दोन तास. त्यातला दीड तास मुलांना द्या. दर आठवड्याला तिघांची जोडणी करा: एकाने अभ्यासातली अडलेली जागा लिहायची, एकाने वर्गातलं काही, तिसऱ्याने दोघांचं तपासायचं. 'याने कोणाचा अपमान होतो का' हे बघणं त्या तिसऱ्याचं काम, आणि ते काम मुलं आपल्यापेक्षा कडकपणे करतात. तुम्ही शेवटी एकदा वाचा, चुकीची माहिती दुरुस्त करा, भाषा मात्र त्यांचीच राहू द्या. सुरुवातीला लेखन कंटाळवाणं येईल, 'या आठवड्यात खूप मजा आली' छाप. पाचव्या-सहाव्या अंकापासून सुधारतं. फायदा असा की ज्या आठवड्यात मूल संपादक असतं, त्या आठवड्यात ते घरात स्वतःहून बोलतं. लिहायला काय घेऊ, हा प्रश्न ते घरातच विचारतं.

याचीच पुढची पायरी म्हणजे मुलाने चालवलेली पालकभेट. पालक, मूल आणि तुम्ही, वीस मिनिटं. मूल आपल्याच तीन कामांची फाइल घेऊन येतं: एक जमलेलं, एक न जमलेलं, एक अजून चालू असलेलं. बोलायचं त्याने, तुम्ही गप्प. पहिल्या भेटीत गप्प बसणं पालकांपेक्षा शिक्षकालाच जड जातं. मी चक्क हाताची घडी घालून बसायचे.

तारखा, सहलीच्या सूचना, आणायच्या वस्तू यांची वेगळी चार ओळींची यादी करा आणि ती वर्गवार्तेत मिसळू नका. एकाच पत्रात दोन्ही असलं की लोक तारखा उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. आईवडील वेगळे राहत असतील तर दोन्ही घरी तोच मजकूर त्याच वेळी जाऊ द्या. मुलाला निरोप्या करू नका. ज्या घरात शाळेची भाषा वाचता येत नाही, तिथे तोच मजकूर दोन मिनिटं बोलून ध्वनिसंदेश म्हणून पाठवा. शक्य असेल तर त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याकडून बोलवून घ्या, मुलाकडून भाषांतर नको. नाहीतर 'दोन प्रयोग राहिलेत' याचं 'सगळं छान आहे' होतं. उत्तरं किती वाजेपर्यंत देणार ते एकदा स्पष्ट सांगून ठेवा आणि पाळा. रात्री अकराला एकदा उत्तर दिलंत की पुढे रोज अकराला वाट पाहिली जाते.

शुक्रवारही बदलून बघा. शुक्रवारी संध्याकाळी सगळेच थकलेले असतात आणि पत्र सोमवारपर्यंत शिळं होतं. मी बुधवारी पाठवते. आठवडा अजून चालू असतो, प्रश्न अजून सुटलेला नसतो, आणि घरात काही बोलणं झालं तर त्याचं उत्तर गुरुवारी वर्गात परत येतं. झाडाच्या वजनाचा प्रश्न पाठवला त्या गुरुवारी एक मुलगी आल्या आल्या म्हणाली, 'बाई, बाबा म्हणतात माती. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.'